भुट्ट्याचा कीस आणि दादाचा अबोला

इंदूरचं तिकीट काढलं आणि माझी झोपच उडाली. चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मी हॅम्बर्गहून आले नव्हते. कागदपत्रांचं कारण सांगितलं होतं. तेव्हापासून दादा माझ्याशी बोललेला नाही, जे काही कळायचं ते वहिनीकडून. आता त्याच्याच घरी उतरायचं होतं. तो तोंडावर दार तर नाही ना लावणार?

मुंबईला विमान बदललं. इंदूरच्या विमानतळावरून सुदामा नगर जवळच आहे, रिक्षा मिळते, फक्त भाडं आधी ठरवून घ्या. दार दादानेच उघडलं. "आलीस? बस," म्हणाला आणि पेपर घेऊन आत गेला. वहिनीने पोहे दिले, वर शेव, जीरावनाचा मसाला, कडेला जिलेबी. ज्यासाठी तिकडे जीव टाकते, तेच गिळता गिळेना.

दुसऱ्या दिवशीही तेच. घरात बसवेना, म्हणून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या, बघायला गेले. सकाळी जा, निवांत असतं. येताना बाजारात मक्याचे भुट्टे दिसले आणि आमचे रविवार आठवले. बाबा भुट्टे किसायचे, आई तो कीस दुधात शिजवायची, आणि कढईच्या खरवडीसाठी दादाची-माझी मारामारी! म्हटलं, कीस करू, निदान चव कशी झाली एवढं तरी बोलेल. चांगले पिवळेधमक, टपोरे बघून डझनभर घेतले.

"ले जाओ दीदी, शक्कर है शक्कर!" भाजीवाला म्हणाला.

घरी ओट्यावर ठेवले. दादा आला, एका दाण्यात नख खुपसलं. पचकन पाणी उडालं.

"अगं, हा अमेरिकन भुट्टा आहे! याचा कीस कोण करतं? खीर होईल खीर! देशी पाहिजे, दाण्यातून दूध निघालं पाहिजे. एवढंपण विसरलीस?"

"जाऊ द्या ना, प्रेमाने आणलेत त्यांनी," वहिनी मध्ये पडली.

"जाऊ कसं देऊ? चल गं, बस स्कूटरवर."

सांवेरचा रस्ता, दोन्हीकडे सोयाबीन, पुढे ट्रॅक्टर. एका शेतकऱ्याने कडेला भुट्ट्यांचा ढीग मांडला होता. दादा एकेक सोलून बघत होता. मान वर न करताच म्हणाला, "का नाही आलीस तेव्हा? खरं सांग."

"कागदपत्रं तयार होती, दादा. घाबरले मी. बाबांना तसं बघवलं नसतं मला."

वाटलं, आता इथेच सोडून जाईल. तो भुट्टा सोलत राहिला. "शेवटी शेवटी कीस मागत होते. रोज. डॉक्टरांनी मना केलं होतं, म्हणून मी दिला नाही. तू असतीस तर चोरून दिला असतास."

त्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. भुट्टेवाल्याने पिशवीत दोन जास्तीचे टाकले.

संध्याकाळी कीस झाला. हिंग, हिरवी मिरची, वरून लिंबू. बाहेरही सगळीकडे मिळतो म्हणा, पण कुणाच्या घरी जमलं तर तिथेच खा. दादाने सगळ्यांना वाढला. स्वतः नाही घेतला.

हॅम्बर्गला परतून तीन आठवडे झालेत. सोबत आणलेलं जीरावन संपत आलंय. रविवारी आता दादाचा फोन येतो. परवा इकडचं तिकडचं बोलता बोलता एकदम म्हणाला, "एका वाटीने काय झालं असतं गं?"

फोन ठेवला नाही मी. त्यानेही नाही.