दोन्ही गाल

सौंदर्यप्रसाधनं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ताईचं काम ठरलेलं. समोर बसलेल्या बाईच्या गालावर यंत्राची नळी टेकवायची आणि डाग किती गडद आहे ते मोजायचं. ताईच्या स्वतःच्या गालांवर बाळंतपणानंतर वांग उठला होता. तिच्या धाकट्या बहिणीलाही तसाच. तेवढ्या एका बाबतीत दोघी बरोबरीच्या होत्या. बाकी रूप, माणसं जोडणारी जीभ आणि आईचं कौतुक, सगळं धाकटीच्या वाट्याला गेलेलं.

डाग घालवायच्या ज्येष्ठमधाच्या अर्काची चाचणी निघाली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना भाग घ्यायला मनाई होती. ताईनेच धाकटीचं नाव सुचवलं. उजव्या गालाला निळ्या टोपणाची ट्यूब, डाव्याला पांढऱ्या. एकीत अर्क, दुसरीत नुसतं क्रीम. कशात काय, हे मोजणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

धाकटीचा उजवा गाल निवळत चालला. दर मोजणीला आकडा उतरायचा आणि ताईच्या पोटात दुखायचं. घरी जाऊन ती आरशासमोर उभी राहायची आणि उगाच मुलांवर खेकसायची.

पुढे डावा गालही उजळू लागला.

"हा कसा गं?" ताईने विचारलं.

धाकटी हसली. "निळीचा गुण दिसला, मग तीच दोन्हीकडे लावायला लागले. एक गाल गोरा, एक काळा, अशी फिरू का लोकांत?"

ताईने नळी खाली ठेवली आणि ती तडक मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली. नियमाने सांगायलाच हवं होतं. पण तिची पावलं नियमामुळे इतकी भरभर पडत नव्हती, हे तिचं तिला कळत होतं.

धाकटीला चाचणीतून वगळलं. "सख्खी बहीण असून बोललात," मॅडम म्हणाल्या. ताईला मान वर करवेना.

धाकटीने दोन्ही ट्यूबा टेबलावर ठेवल्या. "माझ्या खुळेपणाने तुमचे आकडे चुकले असते. बरं केलंस सांगून."

ती भांडली असती तर ताईला सोपं गेलं असतं. आता चांगुलपणातही धाकटीच पुढे निघाली.

उन्हाळ्यात आईकडे दोघींची गाठ पडली. धाकटीच्या गालांवर डाग परत उठले होते. ताईला पाहताक्षणी हायसं वाटलं, अगदी गार पाणी प्यायल्यासारखं. मग धाकटी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बघ, पुन्हा तुझ्यासारखी झाले." तिच्या आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता.

"टोपी घालून हिंडत जा," ताई म्हणाली. "उन्हाने वाढतात."

सल्ला खरा होता. द्यायला मात्र तिला जड गेलं.