रशीदभाईंचा लाल खटका

फोन रशीदभाईंच्या मुलीचा होता. “मामा, अब्बा गेले,” एवढंच म्हणाली. मी म्हणालो, येतो. टोपी घातली, निघालो. कबरीवर मूठभर माती मीही टाकली.

माझं शिक्षण तिसरी. लिहिण्याचा माझा धंदा नाही, पण रशीदभाईंबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपचं स्टोअर मी सांभाळायचो. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती मी स्वतः रंगवली होती. ड्रिल, टॅप, रीमर, पाना. हत्यार बाहेर गेलं की रिकामी आकृती दिसायची. काय गेलं, ते मला लांबूनच कळायचं. मग नव्वद सालानंतर सगळीकडे कॉम्प्युटरची हवा आली, तेव्हा शेठनी वर केबिनमध्ये कॉम्प्युटर आणला आणि मला सांगितलं, “मामा, स्टोअरची नोंद आता यातच. दसऱ्यापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तिथं शिकलेला माणूस बसवू. तुम्ही गेटवर बसा.”

गेटवर! स्टोअर मी उभं केलेलं, आणि मी गेटवर?

नगरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे रशीदभाई तेव्हा आले. माझ्यापेक्षा बरेच लहान. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी मशीनवर लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम चढवली. शेठना धास्ती होती, मी कुठेतरी बोट लावीन आणि हिशेब बिघडेल. रशीदभाई म्हणाले, “शेठ, ह्याच मशीनच्या पोटात मामांना येगळी खोली बांधतो. आत काय बी करू द्या, भिंतीभाईर काय जानार न्हाई.” खोली झाली. पण आत नुसता काळा पडदा आणि इंग्रजी अक्षरं. शेठ नसताना मी रशीदभाईंना सरळ सांगितलं, “मला इंग्रजी येत न्हाई, आन् आता शिकनार बी न्हाई.”

दुसरा कुणी हसला असता. रशीदभाई माझ्या फळीसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. “मामा, तुमची खोली अंधारी हाय. खिडकी पाडू या.” अडगळीत टाकलेला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी स्टोअरमध्ये आणून ठेवला, वरून वायर सोडली. काम वरच्या मशीननं करायचं, चित्र खाली माझ्यासमोर दिसायचं. बरेच दिवस खटपट चालली. खालचा पडदा वरच्या मशीनचं चित्र आत घेईना. एकदाची परवानगी जुळली आणि माझी फळी, तशीच्या तशी, पडद्यावर उजळली! ड्रिलच्या चित्रावर माऊस दाबला की ड्रिल गेलं, रिकामी आकृती राहिली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा पुन्हा काळा. रशीदभाई आले, नीट करून गेले. पुढच्या सकाळी परत तेच. शेठ माझ्याकडे बघायला लागले. दसरा जवळ आला होता...

शेवटी एकदा रशीदभाई सुट्टी होईपर्यंत थांबले. मी रोजच्यासारखा मेन स्विचकडे गेलो आणि खटका खाली पाडला. सगळं वर्कशॉप गप्प. अंधारातून रशीदभाई ओरडले, “मामा! रोज संध्याकाळी तुमी त्याचा गळा दाबता, आन् सकाळी मला नाडी बघायला बोलावता व्हय?”

“खटका पडनारच,” मी म्हणालो. “आग लागली तर इझवायला तुमी येनार का?” ते मत माझं आजही आहे.

वाद घालायचा त्यांना हक्क होता. त्यांनी घातला नाही. “पाडा की. पन आदी त्याला सांगा तरी,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात आमच्या मेन स्विचसारखाच लाल खटका काढलेला होता. तो दाबायचा, जिन्यात उभं राहून वरच्या मशीनची घरघर थांबलेली ऐकायची, मग भिंतीवरचा खटका पाडायचा. त्यानंतर पडदा काळा झाला नाही. दसऱ्याला लेथला झेंडू वाहिला तसा त्या कॉम्प्युटरलाही वाहिला, तोही माझ्याच खुर्चीत बसून. रिटायर झालो ते स्टोअरमधूनच. मला इंग्रजी येत नाही, हे रशीदभाईंनी शेठना कधी कळू दिलं नाही. विचारलं तर म्हणायचे, “मामांना चित्र बरं पडतं, काम लवकर हुतं.”

चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला त्यांच्या घरी गेलो. जेवण झाल्यावर मुलगी मला त्यांच्या खोलीत घेऊन गेली. कॉम्प्युटर चालूच होता. “अब्बा गेल्यापासून तसाच आहे. बंद करायला कुणाचा हात धजत नाही, मामा. तुम्हीच करा.”

चष्मा लावून बघितलं. मशीन नवीन, पडदा मोठा, बाकीचं काही ओळखीचं नाही. आणि कोपऱ्यात आमचा लाल खटका.

दाबला. घरघर थांबेपर्यंत उभा राहिलो. मग भिंतीवरचं बटण बंद केलं.