रानकोंबडीची पिल्लं आणि आंबवड्याचे पाव्हणे

आधी चहा खाली ठेवा. ऐकताना नाकातनं आला, तर मला बोल लावायचा न्हाई.

माझी शेवंता लग्नाची झाली तवाची गोष्ट. आमची वाडी वेल्ह्याच्या डोंगरात. आंबवड्याचे रामभाऊ पोरासाठी तिला मागणी घालायला आले. पण भोरच्या बाजारात कुणीतरी त्यांचे कान भरलेले.

"पोरगी गुणाची हाय," ते म्हणाले, "पण बापावर गेलीय म्हणत्यात. हट्टी."

मला हट्टी म्हणतो! तेही माझाच चहा पिऊन!

म्या म्हणालो, "पाव्हणं, बापावर जाणं-बिणं काय नसतंय. वळण लावंल तसं लेकरू. मला रानकोंबडीची अंडी गावलीत. आमच्या खुडूक कोंबडीखाली ठेवतो. पिल्लांनी माझ्या हातावर दाणे टिपले, तर सोयरीक पक्की?"

"पक्की. आन् न्हाई टिपले तर?"

"तर तुमाला तुमचा रस्ता मोकळा!"

आत शेवंतानं तांब्या असा आपटला, की पाव्हणे दचकले. पोरगी त्या मुलाला जत्रेत बघून मनात धरून बसलेली. हे मला कुठं ठावं?

पिल्लं निघाली, ती कोंबडीसंगं डालग्याच्या टोपलीखाली झाकली. भोरचा ढोरांचा डॉक्टर बैलांना टोचायला आला होता, तो डालग्यात डोकावला अन् हसला.

"मामा, मेंदूत बारीक बारीक तारा असतात. कुठली तार कुठं जोडायची, ते आईबापाच्या बीजातनंच येतं. ह्यांचं भिणं, दडणं, पळणं अंड्यातच जोडून झालंय. शिकवण्याला जागा राहते, पण थोडी."

"आमच्या वाडीत अजून विजेची तार न्हाई, आन् तुमी कोंबडीच्या डोक्यात घाला!"

हाकलला त्याला. रोज कण्या घातल्या. कोंबडी बोलवायची, म्या बोलवायचो, शेवंता तर रडकुंडीला येऊन बोलवायची. पिल्लं आपली कडेला दगडासारखी गप. मला वाटलं, लाजत्यात!

त्यांना पंख फुटले, तसे पाव्हणे बोलावले. हातावर कण्या घेतल्या अन् ऐटीत डालगं उचललं. "या रं लेकरांनो!"

कसली लेकरं? भुर्रर्र! एक रामभाऊंच्या पटक्यावरनं, एक त्यांच्या धोतरातनं, बाकीची थेट करवंदीच्या जाळीत. म्या मागं धावलो तो उकिरड्यात, कंबरेपर्यंत!

सगळी हसली. माझं डोकं फिरलं. मागच्या बांधावर जाऊन पाठ फिरवून बसलो, डावा कान ओढत. राग आला की माझं असंच. आई सांगायची, तुझा बापही अस्साच बसायचा. आता बघा, म्या पोटात असतानाच बाप गेला. त्याला पाह्यलंसुद्धा न्हाई. मग ह्या कानाला हात लावायला मला शिकवलं कुणी?

विचार करतोय, तर मागं हसणं आणखीनच वाढलं. वळून बघतो तर बांधाच्या दुसऱ्या टोकाला शेवंता. पाठ फिरवून. डावा कान ओढत.

रामभाऊ डोळे पुसत आले. "व्याही, सोयरीक पक्की!"

"पिल्लं पळाली की!"

"पळू द्या. आमचं पोरगं माझ्यावर गेलंय, लई मऊ. घरात एक तरी हट्टी पायजे."

"पण वळण लावलं तर..."

"आबा, गप बसा!" शेवंता ओरडली.

परवा नातू बघायला आंबवड्याला गेलो. दूध उशिरा मिळालं म्हणून गडी पाळण्यात कूस बदलून पडलेला, हात डाव्या कानाला.

रामभाऊ म्हणाले, "काय व्याही, वळण कधी लावताय?"

म्या आंबवड्यात बांध कुठं हाय, ते विचारलं अन् जाऊन बसलो.