एकाच स्विचमधून गेलेल्या दोन वाटा

अमरावतीत राजापेठेतल्या एका क्लासमध्ये नेटवर्किंग शिकून मी एका कंत्राटदाराकडे लागलो. त्याला आम्ही सर म्हणायचो. त्या वर्षांत सोयाबीन आणि कपाशी दोन्ही पिकं हातची जात होती. गावाकडून आलेल्या माझ्यासारख्याला कुठलीही नोकरी मोठी वाटायची आणि ती टिकवायला माणूस काहीही करायचा. मीही केलं.

सरांनी मला अकोल्याला पाठवलं. तिथल्या एका कचेरीत पीक नुकसानीचे अर्ज संगणकावर घ्यायचे होते. दोन मोठे सर्व्हर होते, एकेकाच्या पोटात पाच-सहा आभासी संगणक, आणि त्या सगळ्यांची माहिती एकाच सामायिक स्टोरेजमध्ये. म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यामधली जोडणी तुटली की सगळंच बंद. म्हणून प्रत्येक सर्व्हरपासून दोन वायरी काढायच्या आणि दोन वेगळ्या स्विचमधून, म्हणजे वायरी जोडायच्या डब्यांमधून, स्टोरेजपर्यंत न्यायच्या. एक स्विच गेला तरी दुसऱ्या वाटेनं काम चालू राहतं.

वायरी ओढायला अकोल्याचेच एक चाचा होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांच्या वायरी मागून पाहिल्या तर वेणी घातल्यासारख्या दिसत, आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी.

दुसरा स्विच आलाच नाही. सरांनी तो अमरावतीच्या दुसऱ्या कामावर लावून टाकला होता. फोनवर म्हणाले, "दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये घाल अन् रिपोर्ट देऊन टाक."

चाचा म्हणाले, "बाबू, दोनी तार एकाच डब्ब्यात घालाचे, तं मंग दोन काहून ओढले? डब्बा मेला का दोनी मेले."

"मले समजते चाचा. पण सर आयकून नाही राहिले."

मी स्टोरेजसाठी वेगळं जाळं बांधलं, जोडण्यांना पत्ते दिले. स्क्रीनवर दोन्ही मार्ग हिरवे झाले. मधे स्विच एकच आहे हे स्क्रीनवर कुठेच दिसत नव्हतं. कचेरीतल्या साहेबांसमोर मी एक वायर उपसून दाखवली. काम चालूच राहिलं, साहेब खूश. रिपोर्टात मी लिहिलं, 'दोन स्वतंत्र मार्ग तपासले', आणि खाली सही केली.

ऑक्टोबरात, अर्जांच्या शेवटच्या दिवशी, खोलीतला एसी बंद पडला आणि अकराच्या सुमारास स्विच जळाला. दोन्ही मार्ग लाल. सगळे संगणक जागच्या जागी थिजले. मी एसटीनं पोहोचलो तेव्हा आवारात माणसं सातबारे धरून उन्हात बसली होती. एका बाईनं विचारलं, "भाऊ, आमचा फारम गेला का नाही?"

"हून जाईन," मी म्हणालो.

झाला नाही. नवा स्विच येईपर्यंत मुदत संपली, आणि ती कुणी वाढवली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये सर म्हणाले, "वायरिंग खराब होतं. इथलाच माणूस लावला होता." चाचा दाराशी उभे होते. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही तपासलं होतं ना?"

मी टेबलाकडे पाहत म्हणालो, "तेव्हा तर बरोबर होतं."

त्यानंतर चाचांना कुठल्याच कचेरीत काम मिळेना. महिन्याभरानं ते माझ्या राजापेठेतल्या खोलीवर आले. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"माफी घिऊन मी काय करू? दोन ओळी लिहून दे का तार बराबर होते. बस."

कागद समोर होता. लिहिलं असतं तर मग दोन्ही मार्ग एकदम कसे गेले हा प्रश्न आला असता, आणि माझ्या रिपोर्टातली ओळ खोटी ठरली असती. मी म्हणालो, "विचार करून लिहितो, चाचा." त्यांनी चहा संपवला. "पोस्टात टाकून देजो," म्हणाले आणि गेले.

त्या दोन ओळी मी कधी लिहिल्याच नाहीत. पुढच्या वर्षी सरांनी मला प्रमुख केलं. त्या कचेरीतलं काम मीच नव्यानं केलं, दोन स्विच लावून. चाचांची एकही वायर बदलावी लागली नाही. तेव्हा तरी हे साहेबांना सांगता आलं असतं.

पुढे एकदा परतवाड्याच्या स्टँडवर चाचा दिसले. जीपमध्ये प्रवासी भरत होते, "धारणी, धारणी" ओरडत. मला पाहून थांबले. "बसतं का, बाबू? एकच सीट हाय."

मी नाही म्हणून मान हलवली आणि जायचं होतं त्याच्या उलट दिशेनं चालत सुटलो.