गादीखालचा धडा

जयाबाई ओव्हाळ पुण्यात घरोघरी जाऊन अंध मुलांना ब्रेल शिकवतात. निम्मी नोकरी मुलांना शिकवण्यात गेली आणि निम्मी त्यांच्या आयांशी भांडण्यात, असं त्या स्वतःच सांगतात. कात्रजहून बस बदलत धायरी गाठायची आणि दारातच ऐकायचं, "मॅडम, आता मोबाईल सगळं वाचून दाखवतो, मग हे टोचत कशाला बसायचं?"

"मोबाईल तुम्हालाही वाचून दाखवतो. मग तुम्ही कशाला शाळेत गेलात?" चप्पल काढता काढता जयाबाई विचारायच्या.

त्या दिवशी तर कहरच झाला. आठ वर्षांच्या चैतालीला सोमवारी जवळच्या शाळेत न्यायचं होतं. मुख्याध्यापिका तिला समोर बसवून वाचून घेणार होत्या. मुलगी स्वतः वाचते, तिला बाकीच्या मुलांबरोबर बसवा, असं जयाबाईंनी छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. उजळणीसाठी त्यांनी धडा मागितला, तर चैतालीच्या आईने, द्वारकाने, गादीखालून पानं काढली.

"चुरगळू नयेत म्हणून नीट दाबून ठेवली होती."

"अहो, उठावाचे ठिपके ते! बोटांनी वाचायचे! आणि त्यावर अख्खं घर झोपलं?" जयाबाईंनी कपाळाला हात लावला. पानं इस्त्री केल्यासारखी सपाट झाली होती.

तोवर चैतालीने एक पान ओढलं, त्यावरून बोट फिरवलं आणि सगळा धडा घडाघडा वाचून दाखवला. एक चूक नाही. द्वारकाला कोण आनंद! "बघा, काही बिघडलं नाही."

जयाबाईंनी त्याच पानावरून स्वतःचं बोट फिरवलं; एक ठिपका लागेना. म्हणजे पोरगी वाचत नव्हतीच! इतके महिने पाठ म्हणत होती, आणि अनुभवाच्या गमजा मारणाऱ्या बाई समोर बसून मान डोलवत होत्या. स्वतःचा इतका संताप त्यांना कधी आला नव्हता.

"का गं असं केलंस?"

"अडखळले की आई लगेच सांगून टाकते," चैताली पुटपुटली. "मग मी पाठच करते."

"तिचे हाल बघवत नाहीत हो मला," द्वारका म्हणाली.

"मग बघू नका. स्वयंपाकघरात जा, आणि मी हाक मारेपर्यंत यायचं नाही."

जयाबाईंनी ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवला, रागारागाने टोचणीने एक ओळ टोचली आणि कागद उलटून चैतालीपुढे सरकवला. तिचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा थांबलं. नाकावर घाम आला. आतून द्वारका म्हणाली, "मॅडम, सांगा ना तिला." जयाबाई गप्प बसल्या. गप्प बसणं त्यांना जड जात होतं.

"बा... बाईं... बाईंना... फार... राग..." बोट पुन्हा मागे गेलं. "आला. बाईंना फार राग आला." चैताली दचकली. "खरंच?"

"खरंच."

न राहवून द्वारका दारात आली होती. "सोमवारी अशीच अडखळली तर हो?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"अडखळू दे. वाचेल तरी."

चैतालीचं दोघींकडे लक्षच नव्हतं. ती ओळीपुढची कोरी जागा चाचपत होती.

"बाई, राग कोणावर आला?" तिने विचारलं, आणि जयाबाईंनी तोंड उघडताच घाईने म्हणाली, "सांगू नका! लिहा."