कॅमेऱ्याचं कपाळ

खंडेनवमीला मी कॅमेऱ्याच्या भिंगाला कुंकू लावलं. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. दुसऱ्या दिवशी ते वाळलेलं कुंकू मी चिंच आणि राख लावून, नारळाच्या शेंडीनं घासून काढलं. नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. हसू देत. तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची होते, मराठी सहावी पास होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती.

माझा काय दोष, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. सासूबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "घरातलं एकही हत्यार पूजेवाचून राहता कामा नये." मामंजी वैद्य. त्यांचा खल, बत्ता, ताजवा, विळी, अडकित्ता, सगळं पाटावर मांडलं. मग मला कपाटातला त्यांचा कॅमेरा आठवला. तोही हत्यारच की! काढला, मांडला आणि कुंकवाची वाटी घेऊन बसले तर प्रश्न पडला, याचं कपाळ कुठं? लाकडी पेटी, मागं कातड्याचा भाता आणि पुढं पितळी कड्यात बसवलेलं ते गोल, चकचकीत भिंग. मला तेच कपाळ वाटलं. ओलं कुंकू, वर हळद, वर अक्षता. झेंडूचं फूल टिकेना, तेव्हा जरा दाबून बसवलं.

दुसऱ्या दिवशी घासायला घेतलं ते खरं म्हणजे पितळी कडं. माहेरी मी घासलेल्या तांब्यात तोंड दिसायचं, त्याची मला भारी घमेंड. कडं घासता घासता मधली काचही घासली. वेगळं फडकं कोण घेत बसतं? मामंजींनी कॅमेरा पाहिला आणि म्हणाले, "वा! पितळ काय उजळलंय!" मी दोन दिवस हवेत चालत होते. मूर्ख!

मामंजींचा ध्यास असा, की आपल्या कोरड्या मुलखातल्या औषधी झाडांचं एक पुस्तक लिहायचं आणि प्रत्येक झाडाचं फुलावर असतानाचं छायाचित्र त्यात घालायचं. मजकूर वर्षानुवर्षं लिहून तयार होत होता. चित्रं राहिली होती. वय झालेलं, चष्मा जाड झालेला. ते म्हणायचे, "झाड वर्षातून एकदा फुलतं. चुकलं की वर्ष गेलं. माझ्याकडं वर्षं काय पोत्यानं भरलेली नाहीत." मदतीला कोण? आमचे हे कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात, शनिवारी रात्री येणार आणि रविवारी परत. मग उरले मी. सासूबाई म्हणायच्या, "सून आणली संसाराला आणि ही निघाली कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेऊन माळावर. लोक म्हणतील वैद्यबुवांनी गडी ठेवलाय."

गडीच होते मी. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की आम्ही टांग्यातून निघायचो. सोलापूरचा माळ ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. दगड, कुसळं, वर आभाळ आणि मधे वारा. फुलांची छायाचित्रं काढणं म्हणजे काही तरी नाजूक काम असेल असं मला वाटलं होतं. नाजूक कसलं! मी छत्री धरून वारा अडवायची, मामंजी काळ्या फडक्यात डोकं घालून मागच्या काचेत चित्र जुळवायचे आणि जुळलं की नेमकं फूल हलायचं. "हलतंय," फडक्यातून आवाज यायचा. जसं काही मीच हलवतेय! वारा पडला की ढग. ढग सरला की टांगेवाला, "मालक, घोडं तापलंय, चला की."

कार्तिकात तरवड पिवळाधमक फुलला होता. आम्ही तिपाई रोवली तोच एक धनगरीण मेंढरं घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय करताय वो म्हातारबा?"

"फुलाचा फोटो काढतोय," मामंजी फडक्यातून.

"फुलाचा? फोटु?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "का वो बाई, फूल कुटं पळून चाललंय व्हय?"

"पुढल्या महिन्यात राहणार नाही ना ते," मी शहाणपणानं म्हटलं.

"मग फुडल्या सालाला येतंय की! त्येला काय हुतंय?"

तेवढ्यात तिच्या एका शेळीनं मामंजींच्या काळ्या फडक्याचं टोक तोंडात धरलं आणि चालू पडली. मामंजींचं डोकं उघडं, तिपाई आडवी, मी कॅमेऱ्याला मिठी मारून खाली बसलेली. धनगरीण हसून हसून बेजार. "आवं, तिचाबी काडा की योक फोटु!"

तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा. ती काच धुण्याचं काम न्हाणीघरात, दारं-खिडक्या घोंगड्यांनी बंद करून. पाणी थंडच असावं लागायचं, नाही तर काचेवरचा थर वितळून फूल चक्क ओघळून जायचं. म्हणून रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, पाण्यात तुरटी आणि तांबड्या काचेच्या कंदिलाच्या उजेडात घामानं निथळणारे आम्ही दोघं. बाहेर सासूबाई दारावर थापा मारायच्या, "अहो, लोकांना अंघोळी आहेत की नाही?"

आणि इतकं सगळं करून तरवडाचं चित्र निघालं ते धुक्यात हरवलेलं. फांदी होती, फूल होतं, पण सगळं दुधातून पाहिल्यासारखं. मामंजींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. आमचे हे रविवारी आले, चित्र हातात धरून म्हणाले, "बाबा, फोकस हुकलाय." झालं! मामंजींच्या मनात पहिला काटा तिथं रुतला.

पुढं थंडीत करडई फुलली, तीही धुक्यात. ओढ्यावरचा धोतरा, तोही धुक्यात. सोलापुरात धुकं! मामंजी दर वेळी फडक्यातून बाहेर यायचे, डोळे चोळायचे, पुन्हा आत जायचे. भिंगावर ते रोज मऊ कातडं फिरवायचे, पण ओरखडे इतके बारीक की ऊन थेट पडल्याशिवाय दिसू नयेत. आणि भिंगावर ऊन पडू द्यायचं नाही, हा तर त्यांचा पहिला नियम. मला मात्र कशाचाच संशय येत नव्हता. मी मनात म्हणायची, वय झालं बिचाऱ्यांचं. बिचाऱ्यांचं!

फाल्गुनात पळस फुलला. नुसता पेटला होता. मामंजी म्हणाले, "मुली, आज तू बघ. तुझे डोळे तरणे आहेत." मी पहिल्यांदाच काळ्या फडक्यात डोकं घातलं. मागच्या काचेत पळस उलटा लटकलेला आणि तोही धुक्यात. मी भिंग मागंपुढं केलं. धुकं हलेना. एक फांदी मधे येत होती, ती बाजूला करायला मी पुढं गेले आणि वळून पाहिलं, तर सकाळचं तिरपं ऊन बरोबर भिंगावर पडलेलं. त्यावर गोल गोल बारीक रेघांचं जाळं! तशा रेघा मी चांगल्या ओळखत होते. माहेरच्या तांब्यावर होत्या. माझ्याच हातच्या.

राख, चिंच, शेंडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"दिसतंय का स्वच्छ?" मामंजींनी विचारलं.

त्या वेळी खरं बोलले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अगदी स्वच्छ, मामंजी."

चित्र छापून झालं. पळसाची लाल फुलं काळी उतरतात हे त्यांना ठाऊक होतं, त्याचं काही नाही. पण काळीसुद्धा धड उतरली नव्हती, राखाडी झाली होती. त्यांनी चित्र जवळ धरलं, लांब धरलं, अंगणात नेऊन पाहिलं.

"तुला स्वच्छ दिसलं होतं ना?"

"हो."

"हं," म्हणाले आणि चित्र पालथं ठेवलं. मला स्वच्छ आणि त्यांना धुकं, म्हणजे काय ते उघड झालं. डोळे गेले. त्यांनी पुस्तकाचे कागद फडक्यात बांधले आणि फडताळात वरच्या फळीवर टाकले. चैत्रात दारातला कडुलिंब मोहरला, वास घरभर. त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

मग एक नवीनच सुरू झालं. दुपारी सगळे आडवे झाले की मामंजी डोळे मिटून घरात फिरायचे. देवघरापासून भिंत चाचपत ओसरीपर्यंत, ओसरीपासून आडापर्यंत. सराव! उद्या आंधळं व्हायचं तर आजपासून तयारी. मला आधी कळलंच नाही. कळलं ते सासूबाईंवरून. जन्मभर नवऱ्याला टोमणे मारणारी ती बाई हळूच त्यांच्या पुढं पुढं चालत वाटेतला पाट उचलायची, कळशी बाजूला सरकवायची आणि आवाज होऊ नये म्हणून बांगड्या मुठीत धरायची. ते पाहिलं आणि मला रात्री जेवण गेलं नाही.

तरी बोलले का? नाही! रोज ठरवायची, उद्या सांगते. उद्या आला की ते जेवत असायचे, नाही तर रोगी बसलेले असायचे, नाही तर मलाच शिंक यायची. आता आठवलं तरी त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

वैशाखात मिरजेला जाऊन डोळे दाखवायचं ठरलं. ट्रंक भरली. जाण्याच्या आदल्या दुपारी मामंजी डोळे मिटून माजघरातून येत होते आणि मी घंगाळ घेऊन उलटीकडून. धडकलो. घंगाळ गडगडत अंगणात गेलं. मामंजी डोळे न उघडताच म्हणाले, "चुकलं माझं, मुली. अजून सवय नाही."

मी तिथंच बसकण मारली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. कुंकू, अक्षता, झेंडू, राख.

त्यांनी डोळे उघडले. "राखेनं?"

"हो."

"कशानं घासलंस?"

"शेंडीनं."

"चिंच?"

"...लावली होती."

"मग मीठ का ठेवलंस? तेही लावायचं!" आणि मग जो आवाज चढला! शेजारच्या घरातल्या हातमागाची खटखट थांबली. सासूबाई धावत आल्या. ऐकून घेतलं, पदर खोचला आणि माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "तिला काय बोलता? एकही हत्यार सोडू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं."

"हत्यार म्हणालीस, भांडं नव्हे!" असं म्हणत मामंजी उठले. कॅमेऱ्याचं भिंग काढलं, भर उन्हात अंगणाच्या मधोमध गेले आणि आपलाच नियम मोडून ते उन्हासमोर धरलं. पाहिलं. फिरवून पाहिलं. मग भिंग खाली करून समोरच्या कडुलिंबाकडं पाहिलं. मोहोर कधीच झडून गेला होता, हिरव्या लिंबोळ्या लागल्या होत्या. ते वर बघत नुसते उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "ऊन लागेल." त्यांनी ऐकलंच नाही.

पुढं आमच्या यांनी पुण्याहून दुसरं भिंग मिळवलं. पहिल्यांदा बहाव्याचं चित्र निघालं, ते अजून माझ्याकडं आहे. फूल जरा हललेलं आहे, पण धुकं नाही. मिरजेची ट्रंकही सासूबाईंनी त्याच संध्याकाळी उपसली. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मामंजी अंगणातून आत आले, पायरीवर टेकले, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. मी खांबाआड उभी होते. तो चष्मा त्यांनी माझ्यापुढं धरला आणि म्हणाले,

"हा जरा पुसून आण, मुली. आणि हे बघ, राख नको."