धाकट्यानं भंडारा उचलला तेव्हा

सन दोन हजार बावीस, मी एकाहत्तर वर्षांचा. त्या साली लासलगावच्या रस्त्याला कांद्याचा ट्रॅक्टर उलटला आणि माझ्या दोन्ही पोरांसमोर त्यांचा चुलतभाऊ चिरडून मेला. थोरला सावरला, धाकटा दारूत बुडाला. मी जन्मात दारूला शिवलो नाही. त्याला म्हणालो, "माझ्या रक्ताचा असशील तर खंडोबाचा भंडारा उचल अन् आजपासून सोड." त्यानं उचलला. शपथ पाळलीही. दोन दिवसांत त्याला फिट आली.

नाशिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, रोजची दारू अशी एकदम तोडायची नसते. घरात आधी कुणी प्यायचं का?"

"माझा बाप. दारूनंच गेला. पण मी नाय शिवलो."

"ती ओढ काही घरांत रक्तातून उतरते, सगळ्यांत सारखी नाही. त्यात असा धक्का बसला की उफाळते."

"म्हंजी माझ्यातूनच गेली?"

"गेली असेल. त्यात तुमचा काय दोष?"

दोष असता तर निस्तरला असता. रक्ताला मी काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी पोराच्या हातांची थरथर थांबेना, म्हणून दवाखान्यातला चहा मी बशीत ओतून त्याच्या तोंडाला लावला.